तुम्ही विचारलंत म्हणून: कोंदट म्हणजे नेमकं काय?

मी मुद्रितशोधन करते आणि वर्षातून चार-पाच वेळा तरी हा प्रश्न येतोच, की कोंदट, कुबट, कुंद सगळं एकच ना, मग आमच्या मजकुरात तुम्ही एक खोडून दुसरा का घालता? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एकच नाहीये.

कुबट हा वास. जुलैत ट्रंक उघडली की रजईला येतो तो, किंवा पावसाळ्यात दोन दिवस घरातच दोरीवर लटकलेल्या टॉवेलला. कडक ऊन दाखवलं की जातो. कुंद ही बाहेरची गोष्ट, आभाळ भरून आलंय, पान हलत नाही, पाऊसही पडत नाही. खोलीला मी तरी कुंद म्हणणार नाही. आणि कोंदट म्हणजे जिथे आतल्या हवेला बाहेर पडायला वाटच नाही. तिथे वाईट वास असलाच पाहिजे असं नाही, अत्तर शिंपडलेला लग्नाचा हॉलसुद्धा कोंदट असतो, आणि गल्लत होते ती नेमकी इथेच.

मुळात कोंदणे म्हणजे ठासून भरणं, खोलीत धूर कोंदला म्हणतो तसं. जुन्या ओव्या-अभंगांत तर तेज कोंदतं, आनंद कोंदाटतो! तेच क्रियापद, पण कोंदट म्हटलं की जीव नकोसा होतो.

मुंबईत १८९६ला मांडवी भागात प्लेग सापडला आणि १८९८ला शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले ते समुद्राची हवा आत यावी म्हणूनही. प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे, हवेमुळे नाही, पण ज्या खोल्यांना खिडकीच नव्हती तिथे राहणाऱ्यांना कोंदट म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मला तो शब्द कळला माझ्या पहिल्या बाळंतपणात. माहेरची मधली खोली, खिडक्या बंद कारण वारं लागेल, दाराला जाड पडदा, बाजेखाली शेगडी आणि तिच्यात ओवा-शेपांची धुरी. वास खरं तर छान होता, मला अजून आवडतो. पण दहाव्या दिवशी मला रडूच फुटलं आणि का ते सांगता येईना, कारण सगळे इतकं प्रेमाने करत होते की तक्रार तरी कशाची करणार.

म्हणून मागे एका कथेत सुनेच्या तोंडी 'या घरातलं वातावरण कुबट आहे' असं वाक्य आलं तेव्हा मी ते कोंदट केलं. लेखिकेचा लगेच फोन, का बदललंत? मी म्हटलं, अहो, तुमच्या कथेत त्या घरात कुणी वाईट नाहीये, सासू जीव लावते, नवरा साधा आहे, फक्त तिला काही बोलायचं असलं तर बोलायला जागा नाही. विचार जुनाट असते तर बुरसटलेले म्हणा ना, चालेल, पण हे ते नाही. आणि घुसमट म्हणाल तर ती तिची, कोंदटपणा घराचा. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, राहू दे कोंदटच.

आईला मात्र मला काही सांगावं लागलं नाही. रडताना बघून तिने नुसता पडदा बाजूला सारला आणि खिडकीची एक फळी उघडली, चार बोटं असेल.