आमची वाटचाल : ओसाड घरांच्या माथ्यावरून

सुरुवातीला आम्ही शेतजमिनींची हवाई छायाचित्रं काढून द्यायचो. त्याच फेऱ्यांत झाडीत बुडालेली घरं, छप्पर गेलेली कोठारं, बंद पडलेल्या शाळा दिसायच्या. रस्त्यावरून त्यांचा पत्ताही लागत नाही. हे फोटो दाखवले, की जमीनमालक आपल्या शेताचे बाजूला ठेवून तेच बघत बसत. हळूहळू हेच आमचं मुख्य काम झालं.

विमान निवडलं सेस्ना १७२. पंख वर असल्यामुळे खालचं मोकळं दिसतं, खिडकीही उघडता येते. उड्डाण शक्यतो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. ऊन तिरपं असलं की गवतातल्या जोत्याचीही सावली पडते. कोरड्या दिवसांत गाडलेल्या भिंतींवरचं गवत आधी पिवळं पडतं आणि नाहीशा झालेल्या घराचा नकाशा जमिनीवर उमटतो. ही विद्या जुनी आहे. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाचे फोटो १९०६ मध्ये फुग्यातून घेतले गेले. पुढे १९२० च्या दशकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी हवाई पुरातत्त्वाला शिस्त दिली.

आमचा एक नियम कधीच सैल होत नाही: वैमानिकाने घराकडे बघायचं नाही, ते काम फोटो काढणाऱ्याचं. उंची राखून, विमान ६० अंश कलवून वळलं तर पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि विमान ज्या वेगाला हवेतला आधार गमावतं तो वेग वाढून सुमारे १.४ पट होतो. घराभोवती घिरट्या घालताना हे विसरणं जिवावर बेततं. ‘अजून खाली घ्या’ म्हणून अडून बसणाऱ्यांची कामं आम्ही सोडली, पैशांची गरज असतानाही.

एकच इमारत बघायची असेल तर ड्रोन घ्या, असं आम्हीच सांगतो. घरं खोरंभर विखुरलेली असली, तर मात्र विमानाला पर्याय नाही.

आता त्याच घरांवरून ठरावीक काळाने पुन्हा जातो आणि जुने-नवे फोटो शेजारी ठेवून छप्पर वाचतो. घर मरतं ते वरून. आढं वाकतं, एक कौल सरकतं, पाणी वाशांत आणि मग भिंतीच्या माथ्यात उतरतं. मातीची भिंत असेल तर त्यानंतर ती फार टिकत नाही. म्हणून अहवालात पहिली नोंद असते ती लहान भोक पडलेल्या छपरांची, कारण तीच अजून वाचवता येतात. ठिकाणं मात्र फक्त मालकाला कळवतो. जुन्या लाकडावर डोळा ठेवणारे बरेच असतात.