जीपचं हूड: आखाजी ते पोळा

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी

गाडी तीच, १९८९ ची महिंद्राची एमएम ५४० जीप. हूड, म्हणजे तिचं कापडी छप्पर, तीन उन्हाळे खाल्लेलं, खाकी सुती कॅनव्हास. मागची आणि बाजूच्या खिडक्या पारदर्शक पीव्हीसीच्या. यंदा इंजिनाला हातच लावला नाही, सगळा वेळ छपरात गेला.

तपासायची माझी रीत अशी: भर दुपारी बाराला गाडी उन्हात उभी करायची, बाजूचे पडदे लावायचे, आत बसायचं आणि वर बघायचं. दोन मिनिटांत अंगाचं पाणी होतं, पण बाहेरून जे कधीच दिसत नाही ते दिसतं. कापडाला भोक असं एकही नव्हतं. चांदण्या चमकत होत्या त्या सगळ्या शिवणीच्या रेषेत. शिवाय हूडला आधार देणाऱ्या पाईपच्या मधल्या कमानीवर, ड्रायव्हरच्या डोक्यामागे, रुपयाएवढी जागा इतकी विरली होती की ऊन गाळून आत येत होतं.

गल्लीतले नाना अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये साच्यावर होते. कापड म्हटलं की त्यांना बोलवावं लागत नाही, तेच येतात. त्यांनी शिवणीतला दोरा चिमटीत धरून चोळला. त्याचा भुगा झाला.

"भाऊ, कापड ते चांगलं शे. दोरा सडी गया."

तो दोरा नायलॉनचा. मागे हायवेवरच्या एका कुशनवाल्याकडून उसवलेला भाग घाईत मारून घेतला होता. नायलॉन ओढायला दणकट, पण उन्हापुढे पॉलिएस्टरच्या आधी हात टेकतो. आणि शिवणीचा दोरा कापडाच्या वर उघडा बसलेला असतो, त्याला सावली कुठली? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो म्हणून आपण हूडच्या कापडाची काळजी करत बसतो आणि दोऱ्याकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

तीन दिवसांनी

हूड उतरवलं. विरलेल्या जागेचा गुन्हेगार लगेच सापडला: मधल्या कमानीच्या पाईपवर वेल्डिंगची एक गाठ, हरभऱ्याएवढी, वर गंज. गाडी चालली की कापड तिच्यावर घासणार, वर बसलेली धूळ कापडाच्या विणीत शिरून पॉलिश पेपरचं काम करणार. तीन वर्षं ती गाठ शांतपणे आतून कापड खात होती आणि मी बाहेरून पाणी मारून खूश होतो.

कानस मारून गाठ सपाट केली, पॉलिश पेपर, रेड ऑक्साईड, वर रंग. आधी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळायचा विचार होता, पण उन्हात रबर चिकट होतं आणि कापडाला काळं लावतं. म्हणून नवार. खाटेची साधी सुती नवार पाईपभोवती घट्ट तिरकी गुंडाळली आणि टोकं शिवून टाकली, चिकटपट्टी नाही. तिन्ही कमानींना केलं. खर्च किरकोळ, वेळ एक सकाळ. या सगळ्या उद्योगात एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

मे, दुसरा आठवडा

शिवण. मशीनवर न्यायचा मोह टाळला, कारण मशीन नवी भोकं पाडते. जुन्या भोकांशेजारी नवी रांग पडली की कापडाची अवस्था पोस्टाच्या तिकिटासारखी होते, एका ओढीत सरळ फाटतं. हाताने शिवलं: आरी घेतली, दोन सुया, एकाच दोऱ्याची दोन टोकं, जुन्याच भोकातून समोरासमोर. दोरा मधे पॉलिएस्टर आणि वर सूत असलेला. पाणी लागलं की वरचं सूत फुगतं आणि सुईचं भोक स्वतःच बुजवतं. नुसत्या पॉलिएस्टरला ते जमत नाही.

एका शिवणीला चार संध्याकाळी लागल्या. बोटांचं विचारू नका.

विरलेल्या जागेला आतून त्याच कापडाचं ठिगळ लावलं, कोपरे गोल कापून. चौकोनी ठिगळ कोपऱ्यातूनच उचलतं.

शिवून झाल्यावर नानांचा हुकूम: आता त्याला पाणी पाज. हूड गाडीवर चढवून पाईपने चिंब भिजवलं, सावलीत वाळवलं, परत भिजवलं. सुती कॅनव्हास भिजल्यावर आक्रसतं, म्हणून पट्ट्यांची बक्कलं एकेक भोक सैल ठेवली होती. कोरड्या दिवशी नेहमीसारखी घट्ट. सैल हूड वाऱ्यावर फडफडतं आणि फडफडीत जेवढं झिजतं तेवढं उन्हानेही झिजत नाही.

मे, शेवट: माझा गाढवपणा

ऊन लागू नये म्हणून गाडीवर निळी प्लास्टिकची ताडपत्री टाकली, चार कोपऱ्यांना दोरी बांधली, आणि लग्नाला चोपड्याला गेलो. मधल्या दोन दिवसांत वावधान सुटलं. आलो तर ताडपत्री एका बाजूने सुटून हूडवर आपटत होती, आणि तिच्याखाली बोटभर धूळ. मागच्या पीव्हीसी खिडकीवर भाकरीएवढा धुरकट गोल पडला आहे. तो आता जात नाही.

तेव्हा ज्यांच्या गाड्या उघड्यावर असतात त्यांना माझं सांगणं, सैल आच्छादनापेक्षा काहीच नसलेलं बरं. घालायचंच तर अंगाबरोबर शिवलेलं सुती, आणि आधी धूळ झटकून. मी आता गोठ्याच्या पडवीत लावतो. निंबाखालची सावली थंड खरी, पण वर बगळे बसतात.

दुसरं नुकसान. शालकाने परस्पर केळीचे दोन घड मागे ठेवले, दुमडलेल्या पडद्यावर. केळीचा चीक कापडाला लागला की तो डाग कापडाबरोबरच मरतो. साबण, लिंबू, सगळं करून झालं. बायको म्हणते डाग खानदेशचा नकाशा दिसतो.

खिडक्यांबद्दल थोडं, कारण पुष्कळजण इथेच चुकतात. पीव्हीसी लवचीक राहतं ते त्यात मिसळलेल्या द्रव्यामुळे, आणि ऊन ते द्रव्य हळूहळू बाहेर काढतं. मग खिडकी पिवळी आणि कडक होते. कोरडं फडकं मारायचं नाही, आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायची, मग जुन्या धोतराचा मऊ तुकडा, सरळ रेषेत. काचेला वापरतात तो अमोनियावाला फवारा बंद. डिझेलचा हात मारला की चकाकते हे खरं, पण संध्याकाळपर्यंत अख्खा रस्ता तिच्यावर चिकटलेला असतो. आणि डिसेंबरात, पारा दहाच्या आसपास असतो त्या सकाळी, खिडकी गुंडाळायला जाऊ नका. ऊन येऊ द्या, नरम होऊ द्या, मधे फडकं घालून गुंडाळा, घडी नको. माझ्या गाडीच्याच वयाच्या, म्हणजे १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या माझदा एमएक्स-५ ची मागची खिडकी प्लास्टिकचीच होती, आणि तिचे जाणकार मालकही हूड पाडण्याआधी चेन उघडून ती खिडकी सपाट झोपवतात. २०२० नंतरची कन्व्हर्टिबल थार असलेल्यांनीही हे मनावर घ्यावं, कापड वेगळं असलं तरी ऊन तेच आहे.

मृग लागायच्या आधी

मेण. दरवर्षी मी ते एप्रिलमध्ये लावायचो आणि दरवर्षी हूड चिकट व्हायचं. कारण साधं आहे: मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, त्यात पॅराफिन मिसळलं की त्याही आधी नरम पडतं, आणि उन्हातल्या कापडावर हात ठेवून बघा. नरम मेण धूळ पकडतं, धूळ घासते. म्हणून यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात लावलं.

आधी धुणं. कपड्याची पावडर नको, ती उरलंसुरलं मेणही काढते आणि पहिल्याच पावसात मांडीवर थेंब पडतात (अनुभव दोन वर्षांपूर्वीचा). मऊ ब्रश, साधं पाणी, अगदीच मळ असेल तर अंगाच्या साबणाचा फेस. पूर्ण दोन दिवस वाळवलं. मग मेणाची वडी शिवणींवर आणि कमानींच्या रेषांवर घासली, बाकी पाठीवर हलका हात, आणि मुलीचा हेअर ड्रायर फिरवून आत जिरवलं. ड्रायर खिडक्यांपासून लांब. पाण्याचा थेंब टाकला, मोत्यासारखा घरंगळला. जिथे थेंबाखाली कापड काळपट झालं तिथे परत हात.

श्रावण

परीक्षा घ्यायला तोरणमाळ. शिंदखेडा, दोंडाईचा, सारंगखेड्याला तापी ओलांडून शहादा. तिथपर्यंत कोरडं. घाट लागला आणि धुकं, मग सरळ धारा. यशवंत तलावाशी पोचेपर्यंत तास दीड तास पाऊस डोक्यावर. शिवणींतून एक थेंब नाही. बक्कलं अमळनेरला निघतानाच एक भोक सैल केली होती, वर पोचल्यावर हूड ढोलकीसारखं वाजत होतं.

पाणी आलं ते पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीतून, डाव्या कोपऱ्यात, नेमकं बायकोच्या खांद्यावर. तिथलं टिचबटण गंजून त्याभोवतीचं कापड कुजलं आहे. म्हणजे हूड धरून ठेवणारी वस्तूच हूड खाते आहे. परत येऊन हूड मिटलं नाही, दोन दिवस उभंच वाळू दिलं. ओलं मिटलं की चौथ्या दिवशी बुरशीचे काळे ठिपके हजर.

पोळ्याच्या आदल्या दिवशी

सगळी टिचबटणं काढली, एकवीस. चौदा गंजलेली. पितळेची मागवली आहेत. प्रत्येकाखाली चामड्याची छोटी चकती घालणार, कापड आणि धातू समोरासमोर येऊ नयेत म्हणून. चकत्या कापायला नाना बसले आहेत. उद्या बैलांचं आहे, त्यामुळे गाडी परवापर्यंत उघडीच.