मूडलवर चाचणी तयार करताना

पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या भौतिकशास्त्रासाठी मी मूडल या ऑनलाइन अध्यापनाच्या मुक्तस्रोत प्रणालीवर चाचण्या घेते. प्रश्न आधी प्रश्नपेढीत प्रकरणवार साठवावेत, असे माझे ठाम मत आहे. कारण मग प्रत्येक विद्यार्थ्याला त्या-त्या प्रकरणातून यादृच्छिक प्रश्न देता येतात आणि पुढच्या वर्षी तीच पेढी वाढवता येते.

संख्यात्मक प्रश्नांत मात्र विशेष जपावे लागते. गुरुत्वत्वरणाचे मूल्य कोणी 9.8 घेतो, कोणी 9.81, त्यामुळे उत्तराला स्वीकार्य फरकाची मर्यादा दिली नाही, तर रीत बरोबर असूनही शून्य गुण मिळतात. माझ्या पहिल्या चाचणीत हेच घडले, आणि मर्यादा दुरुस्त करून मला सगळ्यांचे पुनर्मूल्यांकन करावे लागले. सरावाच्या चाचणीत मी एकाहून अधिक प्रयत्नांची मुभा देते आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाला स्वतंत्र अभिप्राय लिहिते. सर्वाधिक वेळ त्यातच जातो, पण तो मला सार्थकी लागल्यासारखा वाटतो.

वेळ संपताच उत्तरे आपोआप सादर होतील, अशी व्यवस्था निवडावी. गावाकडून मोबाइलवर चाचणी देणाऱ्यांचे नेटवर्क मध्येच तुटते, म्हणून मी चाचणी दोन दिवस खुली ठेवते. अंध किंवा अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना त्यांच्यापुरती वेळमर्यादा वाढवूनही देता येते.