तुमची हरणं

"सायेब, तुमची हरणं आवरा की जरा." आज वनखात्याकडून पीक नुकसानीच्या पंचनाम्याला गेलो तर आजींनी पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आधी हेच सुनावलं.

तुमची! अख्खं रेहेकुरी अभयारण्य उणंपुरं २.१७ चौरस किलोमीटर, तेवढ्यात काळवीट कुठवर मावणार, बाहेर पडतात आणि सरळ कुणाच्यातरी ज्वारीत. (तसं काळवीट हे हरीण नव्हेच, कुरंग, त्याची शिंगं हरणासारखी गळत नाहीत, पण आजींपुढं हे शहाणपण कोण पाजळणार.)

टेप धरून खाल्लेल्या ओळी मोजत होतो, आजी मागं मागं. एका कोपऱ्यात ज्वारी नुसती दबलेली, पाडस बसून गेलं असावं. म्हटलं हेही धरू का नुकसानीत?

"ऱ्हाऊ द्या तेवढं. लेकरू हाय."

आता सांगा, फॉर्मवर क्षेत्र किती लिहू?