गाडी तापली की चालू होत नाही

शनिवार

आज परत तेच. आईची साडी बदलून आणायला आम्ही दोघी महाद्वार रोडला गेलो होतो. गाडी बिंदू चौकातल्या पार्किंगमध्ये तासभर उन्हात. परत येऊन चावी फिरवली तर स्टार्टर मस्त फिरतोय, इंजिन काही धरत नाही. आई मागे पदराने वारा घेत बसलेली. "पप्पांना फोन लाव," म्हणाली. लावला. पप्पांनी पलीकडून एकच विचारलं, "घूं आला का?"

घूं म्हणजे पेट्रोल पंपाचा आवाज. आमच्या होंडा सिटी गाडीत चावी 'ऑन'ला आणली की मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक घूं येतो आणि थांबतो. टाकीतला पंप लाइनमध्ये प्रेशर भरून घेतो तो आवाज. घूं आला नाही तर स्टार्टर मारून उपयोग नाही, नुसती बॅटरी उतरायची. आज नव्हता आला. चारी दारं उघडून ठेवली, उसाचा रस प्यायलो, सावली सरकून बॉनेटवर आली आणि घूं आला. अर्ध्या चावीत चालू.

सकाळी कधी असं होत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. तापली की रुसते. मागच्या उन्हाळ्यात एका गॅरेजवाल्याने पंपच बदलायला लावला होता. बदलला, पैसे गेले, रुसवा आहे तिथेच.

रविवार

दादाचा पुण्याहून फोन. स्क्रॅपला दे म्हणतो, सर्टिफिकेट मिळतं, नव्या गाडीत सूट मिळते. त्याचं गणित चुकीचं आहे असं नाही. पण त्याच्या गाडीचा पुढचा दिवा गेला तर अख्खं युनिट बदलावं लागतं, आणि त्याचं कोटेशन मी पाहिलेलं आहे.

ही गाडी २००२ च्या दसऱ्याची. होंडा सिटी, १.५ लिटर, व्हीटेक, म्हणजे वेगानुसार व्हॉल्व्हचं उघडणं बदलणारं होंडाचं इंजिन. होंडाने सिटी भारतात १९९८ च्या जानेवारीत आणली, ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून. त्याआधी १९९६ पासून ती थायलंडमध्ये अयुथ्थयाला बनत होती. गंमत म्हणजे ही जपानी गाडी जपानमध्ये कधी विकलीच नाही. आशियातल्या मध्यमवर्गासाठी सिव्हिकच्या जुन्या सांगाड्यावरून बेतलेली होती ती. व्हीटेक २००० साली आलं, १४९३ सीसीतून १०६ अश्वशक्ती. तेव्हा कोल्हापुरात पुण्याच्या पाहुण्यांनाही हेवा वाटावा असा आकडा होता. २००३ ला नवी उंच सिटी आली आणि आमची जुनी झाली, घेऊन जेमतेम वर्ष होतंय तोवर.

पप्पा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. अ‍ॅम्बेसेडर सोडून ही का घेतली, तर म्हणाले, "बॉनेट उघडलं आणि सगळं दिसलं." खरंच दिसतं. वरून प्लॅस्टिकचं झाकण नाही. प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर कुठे, प्लगच्या चार वायरी कुठे जातात, गॅसकेटमधून ऑइल कुठे पाझरतंय, सगळं उघड्यावर. आता त्यांना मोतीबिंदूनंतरही नीट दिसत नाही म्हणून गाडी मी चालवते; पण वही त्यांच्याकडेच. किती लिटर, किती किलोमीटर, कोणता पार्ट कधी. टायमिंग बेल्टखाली, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या रबरी पट्ट्याखाली, लाल शाईने रेघ आहे, कारण या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन सरळ व्हॉल्व्हवर आदळतो. कंपनी लाखभर किलोमीटर सांगते. पप्पा किलोमीटर बघतच नाहीत, वर्षं बघतात. रबराला किलोमीटर कळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

सोमवार

शिवाजी उद्यमनगरात मेस्त्रींकडे गेले. उन्हात मुद्दाम दुपारी, म्हणजे गाडी तिथेच रुसेल. रुसली.

मेस्त्रींनी पंपाला थेट बॅटरीचा करंट दिला. घूं. "पंपाचं नाव काढू नका ताई, पंप फर्स्टक्लास हाय." मग स्टिअरिंगखाली उताणे झोपून हात वर घातला आणि काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी काढली. मेन रिले. इंजिनचा कॉम्प्युटर आणि पंप दोघांनाही करंट इथूनच जातो. मला म्हणाले, नवीन मिळंल, पण आधी डाग, म्हणजे सोल्डर, देऊन बघा.

दोन गल्ल्या पलीकडे एक रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे काका आहेत. डबीचं कव्हर काढून पट्टी भिंगाखाली धरली आणि मलाही बघायला दिली. पिनेभोवती शिशाचा जो ठिपका असतो, त्यात केसाएवढी गोल चीर. पीन आपल्या जागेवर, शिसं आपल्या जागेवर, मध्ये काळी रेघ. पिनेत वर्षानुवर्षं करंट, वर डॅशबोर्डवर ऊन; पितळ वेगळं फुगतं, शिसं वेगळं फुगतं. थंड असताना टेकलेलं असतं, तापलं की सुटतं. काकांनी जुनं शिसं ओढून काढलं, नवा डाग दिला, आणि मी न सांगता बाकीच्या पिनांनाही दिला. "एक गेलाय म्हणजे बाकीचे रांगेत आहेत."

पैसे किती घेतले ते पप्पांच्या वहीत लिहायला लाज वाटेल इतके. पंपाच्या बिलाच्या शेजारीच लिहिणार आहे.

गॅरेजमध्ये अजून एक झालं. बरेच दिवस चेक इंजिनचा दिवा मधूनच लागतोय. मेस्त्रींचा नवा पोरगा स्कॅनर घेऊन आला, खाली वाकून बराच वेळ चाचपडला. "मेस्त्री, हिला तोंडच नाही." बरोबर आहे, स्कॅनरची पिन बसेल असं सॉकेटच नाही हिला. मी बिलाच्या फाईलची यू-पिन काढून त्याच्या हातात दिली. डॅशखाली एक निळा दोन भोकांचा कनेक्टर लोंबतो, त्यात दोन्ही टोकं घाल आणि चावी ऑन कर, म्हटलं. दिवा मिचकायला लागला. लांब मिचकावणं म्हणजे दहा, छोटं म्हणजे एक. सहा छोटे, मग थांबा, परत सहा छोटे. सहा म्हणजे कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, टेम्परेचर सेन्सरची तक्रार. सेन्सर बरा निघाला. कनेक्टरची प्लॅस्टिकची खुटी उष्णतेने कुरकुरीत होऊन तुटली होती आणि खड्ड्यात बसलं की कनेक्टर हलत होता. नायलॉनची पट्टी आवळून बांधली. पोरग्याने दिवा मिचकतानाचा व्हिडिओ काढला, तीनदा. मेस्त्रींना हे सगळं माहीतच आहे, पण त्यांनी त्याला आजवर दाखवलं नव्हतं. का, तर "अशा गाड्या आता येत्यात कुठं?" हे काही मला पटलं नाही. मी येतेच की.

बुधवार, पहाट

टॅपेट करून घेतले, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरची फट नीट करून घेतली. या इंजिनात टॅपेट हाताने सेट करावे लागतात, तेही इंजिन पूर्ण थंड असताना. मे महिन्यात थंड म्हणजे पहाटेच, म्हणून मेस्त्री साडेपाचला घरी. इनटेकला, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला, ०.१८ ते ०.२२ मिलिमीटर; एक्झॉस्टला, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्याला, ०.२३ ते ०.२७. फीलर गेजची पट्टी फटीत घालायची आणि ओढून बघायची. सैल नको, अडकायलाही नको, लोण्यातून सुरी यावी तशी यायला हवी. मी ओढून बघितलं की मेस्त्री म्हणायचे सैल आहे, त्यांनी घट्ट केलं की मला वाटायचं अडकतंय. आकडा पुस्तकात आहे, पण तो शेवटी बोटालाच कळतो.

एक एक्झॉस्ट घट्ट निघाला. लोकांना टिकटिक वाजणारा टॅपेट खटकतो. मेस्त्री म्हणतात, वाजणारा परवडला, गप्प बसणारा नको. फट संपली की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि न मिटलेला व्हॉल्व्ह कडेने जळतो. गेल्या महिन्यात सकाळी चालू केल्यावर थरथरायची त्याचं कारण हेच असावं. आता थरथर नाही.

आईने पोहे केले. मेस्त्री पप्पांशी अर्धा तास कारखान्याच्या जुन्या मिलबद्दल बोलत बसले आणि माझा ऑफिसचा लेटमार्क लागला.

शुक्रवार

पेट्रोलच्या पाइपांवरून पप्पांशी वाद. २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल झालं, २०२५ पर्यंत २०. आमच्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. टाकीकडचा एक पाइप परवा दाबून बघितला तर मऊ पडलाय, बोटाला काळं लागतं. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तिसऱ्या हिश्श्याने ऊर्जा कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं घसरतंच, वहीत दिसतंय. पप्पा मान्य करायला तयार नाहीत. त्यांचा जन्म गेला कारखान्यात, उसाच्या मळीपासून इथेनॉल काढणारी डिस्टिलरी निघाली तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत हे पुढे. "शेतकऱ्याचं बिल वेळेवर निघतंय ते बघ." तेही खरं. आमच्या घरच्या काकांचा ऊस जातो त्याच कारखान्याला. म्हणजे आमच्याच शेतातलं आमच्याच गाडीचा पाइप खातंय, घरातल्या घरात.

वायटॉनचे पाइप मागवलेत, इथेनॉलला दाद न देणारे. क्लिपा सगळ्या नव्या.

रविवार

दुपारी दीडला मुद्दाम रंकाळ्यावर उन्हात लावली. दीड तास. चावी ऑन, घूं, चालू. पप्पा शेजारी बसले होते. त्यांनी घूं ऐकायला रेडिओ बंद करायला लावला.

दादाशी परत बोलणं झालं. एका बाबतीत मी त्याच्याशी भांडत नाही. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागे मधल्या माणसाला धड पट्टा नाही. पावसात जोरात ब्रेक मारला तर चाकं लॉक होणार आणि गाडी जिकडे तोंड असेल तिकडे जाणार. म्हणून रात्री हायवेला मी ती काढत नाही, आणि जूनमध्ये पुण्याच्या लग्नाला आम्ही त्याच्याच गाडीने जाणार. लोक म्हणतात जुना पत्रा जाड, ठोकर लागली तरी काही होत नाही. पत्र्याला होत नाही, आतल्या माणसाला होतं. राधानगरी, गगनबावडा, जोतिबा, दिवसा, बेताने. एवढ्यासाठी ही पुष्कळ झाली.

राहिला आरटीओ. २०१७ ला नोंदणीचं पहिलं नूतनीकरण झालं तेव्हा फी ६०० होती. एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली आणि आमचं दुसरं नेमकं त्या ऑक्टोबरात. आता २० वर्षांवरच्या गाडीला १०,०००, म्हणजे २०२७ ला तेवढे, वर पर्यावरण कर वेगळा. पीयूसी दर सहा महिन्यांनी असतेच. नवी एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरप्लेट, बसवलीय ती म्हाताऱ्याच्या तोंडात कवळी चमकावी तशी चमकते. दादा म्हणाला, १०,००० भरण्याएवढी तिची किंमत तरी आहे का? बाजारात नसेलही. पण त्याच्या गाडीचा एका वर्षाचा विमा याहून जास्त आहे, हे मी त्याला बोलून दाखवलं. त्यावर तो गप्प.

खरी काळजी वेगळीच आहे. मागच्या उजव्या चाकावरच्या कमानीत, आतल्या बाजूला, हात फिरवला तर पापुद्रे पडतात. तिथे दोन पत्रे एकमेकांवर दुमडलेत आणि त्या घडीत कोकणातला चिखल बसून राहतो. इंजिन अजून दहा वर्षं जाईल, कमान जाणार नाही. वळवाचे दोन पाऊस झाले, मृग लागायच्या आत ते उरकायला हवं. शुक्रवारी डेंटरकडे. त्याला आधीच सांगून ठेवलंय, लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारायचा नाही. कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा आणि आतून अंडरकोट, म्हणजे गंज रोखणारा थर. पप्पांनी वहीतून रंगाचा कोड काढून दिलाय. आणि तो जोडकाम करत असताना मी समोर बसून राहणार आहे, हेही सांगितलंय त्याला. त्याला ते फारसं आवडलेलं नाही.