मशीन आधी कोणी उघडली होती का, हे मी का विचारतो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. माझ्या मशीन दुरुस्तीच्या दुकानात स्प्रे पंप, ग्रास कटर, पॉवर वीडर (निंदणीची मशीन) काहीही घेऊन आलेला कास्तकार एकदा तरी म्हणतोच, "भाऊ, मशीन खाली ठेवली नाही तं तुम्ही पहिले हेच काऊन विचारता, कोणी उघडली होती का म्हणून? भरोसा नाही का आमच्यावर?" भरोसा आहे हो. विचारतो ते वेगळ्या कारणासाठी.

मूळ बिघाड बहुतेक वेळा लहानच असतो. स्पार्क प्लग काळा पडलेला, पेट्रोलच्या नळीला चीर, एअर फिल्टर धुळीनं चोंदलेला, नाहीतर मागच्या हंगामाचं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळते त्या भागात, सुकून चिकटा झालेला. पण तो शोधताना घरी जे काही केलं जातं त्यातून दुसरा बिघाड तयार होतो आणि तो पहिल्याच्या वर जाऊन बसतो, मग मी पहिला काढला तरी मशीन चालू होत नाही, कारण दुसरा कुठे आहे ते मला कोणी सांगितलेलंच नसतं. "काही नाही केलं भाऊ, निस्ता प्लग काढून पाह्यला." या एका वाक्यापायी माझा अर्धा दिवस जातो, आणि त्याचे पैसे शेवटी तुमच्याच बिलात लागतात.

घरी उघडता म्हणून मी रागावत नाही. ऑगस्टमध्ये झड लागते, आठ-आठ दिवस वावरात पाय ठेवता येत नाही, मग एक दिवस उघाड पडते, पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, तुडतुडे चढलेले असतात, मजूर सांगून ठेवलेला असतो आणि नेमकं त्याच सकाळी पंपाचं इंजिन दोरी ओढून ओढून हात दुखले तरी चालू होत नाही. तालुक्याला यायचं म्हणजे दिवस गेला. अशा वेळी माणूस पेचकस हातात घेणारच, आणि घ्यावाच. फक्त काय केलं ते सांगा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तो "निस्ता प्लग" काय करतो ते बघा. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. प्लग हाताने तीन-चार आटे सहज आत गेला पाहिजे, पाना त्याच्या नंतर. पण घाईत थेट पाना लावला आणि प्लग तिरपा गेला की लोखंड ॲल्युमिनियमचे आटे कापत जातं, हाताला वाटतं मस्त कसला गेला. मग तिथून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळतं, मशीन चालू होते पण लोड घेत नाही, आणि आपण कार्बोरेटर खोलत बसतो. आटे गेले असं आधीच सांगितलं तर नवीन आटे पाडून आत इन्सर्ट (आट्यांची छोटी नळी) बसवता येतो, हेड वाचतं. नाही सांगितलं आणि तसंच चालवलं तर एक दिवस प्लग आट्यांसकट बाहेर येतो.

सगळ्यात जास्त नुकसान ऑइलचं होतं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, १ लिटरला २० मिली म्हणजे १:५० किंवा ४० मिली म्हणजे १:२५, तुमच्या मशीनच्या पुस्तकात जे दिलंय ते आणि तेही टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइलच, ट्रॅक्टरचं उरलेलं नाही. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कोरं आणि ऑइल वेगळं खाली, ३५ सीसीच्या छोट्या इंजिनात तर ते जेमतेम १०० मिलीच बसतं. आता एकाच घरात पंप टू-स्ट्रोक आणि ग्रास कटर फोर-स्ट्रोक असला की पेट्रोलची डबकी एकच असते आणि गडबड तिथे होते. कोरं पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेलं की मी सायलेन्सर काढून त्या भोकातून बॅटरी मारून पिस्टन बघतो, चांगला पिस्टन गुळगुळीत चकचकीत दिसतो आणि या पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूने वरून खाली उभे ओरखडे असतात, कारण ती बाजू सगळ्यात तापते आणि ऑइल नसलं की पहिले तीच सिलिंडरला घासते. हे दिसल्यावर कार्बोरेटर साफ करून काही उपयोग नाही. पण तोपर्यंत घरी तीन जणांनी कार्बोरेटर खोललेला असतो.

कार्बोरेटरचंही ऐका. पंपाच्या आणि कटरच्या कार्बोरेटरमध्ये दोन बाजूंना पातळ पडदे असतात, डायफ्राम, आणि प्रत्येकासोबत एक गॅस्केट (गळती रोखणारा पातळ तुकडा). एका बाजूला बॉडीला लागून आधी गॅस्केट मग पडदा, दुसऱ्या बाजूला बरोबर उलटं. खोलताना हे लक्षात राहत नाही, म्हणून मोबाइलवर फोटो काढा, स्क्रू काढण्याआधी एक आणि झाकण उचललं की एक. जेटमध्ये तार घालू नका, ते भोक इतकं बारीक असतं की तारेने जरा मोठं झालं तरी पेट्रोल जास्त येतं आणि प्लग पुन्हा पुन्हा काळा होतो. आणि गळती थांबवायला सिलिकॉन लावू नका, पेट्रोलमध्ये ते फुगतं आणि त्याचे तुकडे आत जाऊन अडकतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, ते हवेतली ओल ओढतं, त्यामुळे हंगाम संपला की टाकी रिकामी करा, मग इंजिन बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटरही रिकामा करा. एवढं केलं तरी जूनमध्ये निम्मे लोक माझ्याकडे येणारच नाहीत आणि मला ते चालेल.

एक वीडर आला होता, झटका इतका देत होता की दोरी हातातून हिसकून घ्यायची. स्पार्क होता, पेट्रोल येत होतं. मालक म्हणे काही केलं नाही. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या शाफ्टवरचं जड चाक, काढलं तर आत चावीच्या (खाचेत बसणाऱ्या छोट्या पट्टीच्या) जागी घासून बसवलेला खिळा. नंतर कळलं, पोराने स्पार्क देणारी कॉइल बघायला फ्लायव्हील काढलं, परत बसवताना नट ढिला राहिला, चाक शाफ्टवर घसरलं आणि मूळची चावी कापली गेली, मग खिळा. चावीचं काम चाकाची जागा अचूक धरून ठेवायचं, कारण चाकातल्या चुंबकावरच स्पार्कची वेळ ठरते. खिळा खाचेत हलत होता, स्पार्क अवेळी पडत होता, आणि हलून हलून शाफ्टची खाच रुंद झाली होती. चावी स्वस्त मिळते हो. शाफ्ट मिळत नाही स्वस्त. त्या पोराने पहिल्याच दिवशी कापलेली चावी खिशात घालून आणली असती तर ते दहा मिनिटांचं काम होतं.

फवाऱ्याच्या पंपाबद्दल मात्र मी कडक आहे. झाकणाला पन्नी गुंडाळून, नळीला चिंधी बांधून पंप पाठीवर घेतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किती माणसं गेली ते आपल्याला माहीत आहे, आपल्याच भागातली होती ती. त्याची कारणं बरीच होती, पण औषध कातडीतूनही अंगात जातं हे तेव्हापासून तरी सगळ्यांना कळलंय, आणि ओल्या पाठीने दिवसभर फवारणारा बहुतेक वेळा मालक नसतो, मजूर असतो. इंजिन दोन दिवसांनी झालं तरी चालेल, वॉशर आणि नळी आजच बदलून न्या.

ग्रास कटरचंही तसंच. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत नायलॉनची दोरी तुटते म्हणून बाइंडिंगची तार लावलेले कटर मी पाहिले आहेत. ती तार तुटली की तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही, चालवणाऱ्याच्या पायात, नाहीतर बाजूला निंदणाऱ्या बाईच्या डोळ्यात. ब्लेड लावताना गार्ड आडवं येतं म्हणून काढून गोठ्यात टाकतात, ब्लेडचा नट बहुतेक कटरवर उलट्या आट्यांचा असतो ते माहीत नसतं म्हणून हातोड्याने ठोकतात. नट तुटला तर मी काढून देईन. पण गार्ड नसलेला कटर मी चालू करून देत नाही, त्यावरून भांडणंही झालीत. गोठ्यातून गार्ड घेऊन या, हरवलं असेल तर नवीन आणा, बसवायचे मी पैसे घेत नाही.