मूळ स्टिरिओ ठेवून अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर: तिसऱ्या रविवारपर्यंतची नोंद

गाडीचा कंपनीने बसवलेला स्टिरिओ काढायचा नाही, हे मी आधीच ठरवले होते, कारण स्टिअरिंगवरची बटणे आणि रिव्हर्स कॅमेरा त्याच्यावरच चालतात आणि वॉरंटीची दोन वर्षे अजून शिल्लक आहेत. त्यामुळे एकही वायर न कापता, स्टिरिओ आणि त्याचे मूळ सॉकेट यांच्यामध्ये बसणारा टी-हार्नेस घेतला आणि स्पीकरकडे जाणारा सिग्नल तिथूनच उचलला. या स्टिरिओला आरसीए आउटपुट (बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठीचा हलका सिग्नल) नसल्याने हाय-लेव्हल इनपुट असलेले, म्हणजे स्पीकरच्या वायरीतला सिग्नल थेट घेणारे, दोन अ‍ॅम्प्लिफायर निवडले: दारांसाठी प्रत्येकी ६० वॅटचा चार चॅनेलचा, आणि १० इंची, ४ ओहमच्या सबवूफरसाठी (फक्त बासचा, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर) २५० वॅटचा, एकाच चॅनेलचा मोनोब्लॉक.

स्टिरिओवर '५० वॅट × ४' असे छापलेले आहे. १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला शुद्ध साइन तरंग द्यायचा म्हटले, तर गणितानेच २६ वॅटच्या पुढे जाता येत नाही. ५० चा आकडा निघतो तो तरंग पार चौकोनी झाल्यावर, म्हणजे ऐकवणार नाही इतका फाटल्यावर. बॅटरीवर चालणाऱ्या, हातात मावणाऱ्या ऑसिलोस्कोपवर (सिग्नलच्या तरंगाचा आकार पडद्यावर दाखवणारे यंत्र) पाहिले तेव्हा इंजिन बंद असताना ४० पैकी ३२ व्हॉल्यूमपर्यंत तरंग गोल राहिला आणि ३३ वर त्याचा माथा सपाट झाला. ३२ वर मिळाले ७.२ व्होल्ट, म्हणजे जेमतेम १३ वॅट. (घरातल्या विजेवर चालणारा स्कोप येथे वापरू नये. या स्टिरिओच्या स्पीकरची ऋण वायर म्हणजे अर्थिंग नव्हे. दोन्ही वायरींवर बॉडीच्या सापेक्ष सुमारे ६ व्होल्ट असतात, आणि प्रोबचा अर्थचा चिमटा तिथे लावला की आउटपुटचा आयसी (चिप) जाण्याची भीती असते.)

वीजपुरवठ्याचे गणित सोपे होते. एकूण ४९० वॅट, क्लास-डी प्रकारच्या या अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के आणि १३.८ व्होल्ट धरले, तर सुमारे ४५ अँपिअर लागतात. त्यासाठी ४ गेजची शुद्ध तांब्याची केबल आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर ६० अँपिअरचा फ्यूज लावला. पुण्याच्या तापकीर गल्लीत याच जाडीची निम्म्या किमतीची केबल मिळत होती, पण टोक चाकूने खरवडल्यावर आतून पांढरे अ‍ॅल्युमिनियम दिसले आणि ती परत ठेवली.

दुसरा रविवार मात्र अर्थिंगनेच खाल्ला. इंजिन सुरू करताच दारांच्या स्पीकरमधून बारीक शीळ येऊ लागली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढत जाई. चूक माझीच होती: आळस करून मी अर्थच्या वायरीची थिंबल (टोकाची धातूची कडी) मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबली होती. सुरक्षेच्या दृष्टीने तो बोल्ट मुळात हलवूच नये, शिवाय त्याच्याभोवती रंगाचा जाड थर होता. सबवूफरवर सूर वाजत असताना अ‍ॅम्प्लिफायरच्या ऋण टर्मिनलपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत ०.४२ व्होल्ट पडत होते. बोल्ट होता तसा पुन्हा कसून बसवला, डिकीतल्या पत्र्यावर रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, नवा बोल्ट आणि दातेरी वॉशर लावला, दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरचे अर्थ त्याच एका ठिकाणी आणले आणि गंज धरू नये म्हणून वरून रंग दिला. व्होल्टेज ०.०९ वर आले आणि शीळ गेली. नुसत्या ओहमच्या मोजणीवर विसंबलो असतो तर हे कळले नसते, कारण साधा मल्टिमीटर इतका लहान रोध नीट दाखवत नाही.

गेन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल किती वाढवतो ते, कानाने न लावता मल्टिमीटरने लावला. वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले, तर दारांसाठी १५.५ आणि सबवूफरसाठी ३१.६ व्होल्ट येतात. स्पीकर सोडवून, व्हॉल्यूम ३२ वर ठेवून, अनुक्रमे १ किलोहर्ट्झ आणि ५० हर्ट्झचा सूर लावून तेवढे आकडे साधले. दोन्हीकडचा फिल्टर ८० हर्ट्झवर ठेवला आहे, म्हणजे त्याखालचे सूर सबवूफरकडे आणि वरचे दारांकडे जातात.

खरी गोम पुढे कळली. व्हॉल्यूम २० वरून ३२ वर नेला, तर १ किलोहर्ट्झचा सूर २.१ वरून ७.२ व्होल्टवर जातो, पण ४० हर्ट्झचा सूर २.० वरून फक्त ३.१ वर. दारांचे लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून स्टिरिओ मोठ्या आवाजाला बास स्वतःच दाबतो, आणि ही तूट जवळजवळ ७ डेसिबल भरते. त्यामुळे मोठ्या आवाजाला जुळवलेला सबवूफर हळू आवाजात अंगावर येतो. तूर्त मोनोब्लॉकचा बास नॉब डॅशबोर्डखाली आणून हाताने भागवतो आहे. पक्का इलाज डीएसपीचा, म्हणजे सिग्नल डिजिटल पद्धतीने सुधारणाऱ्या यंत्राचा, पण त्याला खिसा अजून तयार नाही.

सबवूफरची पेटी बंद पद्धतीची, आतून २० लिटरची, भवानी पेठेतून कापून आणलेल्या १९ मिलिमीटर एमडीएफची आहे. खालच्या पट्टीत बंद पेटीचा आवाज जसा उतरत जातो, तशी गाडीची बंद केबिन तो उचलून धरते, त्यामुळे मोठ्या पेटीची गरज वाटली नाही. डग्ग्यावरची मींड आता खालपर्यंत सलग ऐकू येते. पूर्वी ती अर्ध्यातच विरून जाई.

मात्र त्याच मींडीबरोबर डिकीच्या झाकणावरची नंबरप्लेटही घुमते. प्लेट बोटाने दाबून धरली की आवाज थांबतो. येत्या रविवारी तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवायची आहे.